गोळी नको म्हणता, मग कामाचा वाटा उचला

पहाटेचे तीन वाजलेत. दुर्भाटच्या बाजूला अजून काळोख आहे. होडी अजून यायची आहे, पण घरातली बाई जागी आहे. खरं तर ती धड झोपलेलीच नाही. एक वाजता छातीपासून तोंडापर्यंत वाफ चढली, ब्लाऊज भिजला, तिने पंखा वाढवला. दहा मिनिटांनी थंडी वाजली म्हणून कमी केला. दोन वाजता परत तेच. बाजूला झोपलेली मुलगी वैतागून म्हणाली, "आई, पंखा कितीदा कमी-जास्त करतेस गे?" साडेतीनला उठून तिने चूल-चहा उरकला आणि नवऱ्याने आणलेली मासळी निवडायला बसली. नऊला ती बाजारात. कोणी बांगड्याचा भाव अर्ध्यावर मागितला आणि ती एकदम भडकली. शेजारची म्हणाली, "हिला हल्ली काय झालंय तेच कळत नाही."

काय झालंय ते आम्ही सांगतो. तिची पाळी जायची वेळ आलीय.

या पेजवर डिझेल, बर्फ, जाळी, बंदीचे दिवस, सबसिडीचे अर्ज यांवर रोज बोलणं होतं. ते व्हायलाच हवं. पण आज ही जागा आम्ही बायकांनी मागून घेतली आहे. आम्ही म्हणजे सभासदांच्या घरच्या, मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, बाजारात बसून विकणाऱ्या. कुणी चाळिशीच्या पुढे, कुणी पन्नाशी ओलांडलेल्या. होडीमालक भावांनो, "हा बायकांचा विषय" म्हणून पुढे सरकू नका. यातलं निम्मं तुमच्यासाठीच लिहिलंय.

आधी थोडक्यात हे काय असतं ते बघू. सलग 12 महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं डॉक्टर धरतात. बहुतेक बायकांचं हे 45 ते 55 या वयात होतं. आपल्या देशात ते जरा लवकर, सत्तेचाळिशीच्या आसपास होताना दिसतं. पण त्रास त्याच्या आधी दोन-चार वर्षांपासून सुरू होऊ शकतो. पाळी मागेपुढे होते, कधी जास्त जाते, कधी तीन महिने येतच नाही. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं आणि मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे ती हळवी होते. एरवी जराशा उष्म्याकडे तिने लक्ष दिलं नसतं. आता ती लगेच "अंग तापलं" असा इशारा देते. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो, काळीज धडधडतं आणि मागून थंडी वाजते. एक वाफ बहुतेक करून एक ते पाच मिनिटं राहते. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, बाई मात्र आतून शिजते.

हे दोन-चार महिन्यांत संपेल असं आम्हालाही वाटायचं. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं भेटून एक मोठा अभ्यास झाला. त्याचा 2015 साली आलेला निष्कर्ष असा, की ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांचा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त चालतो. सात वर्षं! एवढ्या काळात होडीचं इंजिन आपण कितीदा खोलून बघतो? त्या बाईकडे मात्र एकदाही कोणी बघितलेलं नसतं.

वाफा सोडून बाकीचंही असतं. झोप तुटते. साध्या बोलण्यावर रडू येतं किंवा राग येतो. सांधे धरतात. विसरायला होतं. खोकताना, क्रेट उचलताना लघवीचे थेंब जातात. जागा कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. सगळ्यांना सगळं होत नाही. काहीजणींना काहीच होत नाही. "सुटले बाई त्या कटकटीतून" असं म्हणून मोकळ्या झालेल्याही आमच्यात आहेत, त्यांचं बरंच आहे. हा आजार नाही, वय आहे. पण वयाचा त्रास हाही त्रासच असतो.

आता मुद्द्यावर येऊ. आमच्यातल्या बहुतेकजणी सांगतात, "मला गोळी नको." कारणं खरी आहेत. औषधाच्या दुकानाचं बिल नको. आधीच प्रेशरची, साखरेची गोळी चालू आहे, त्यात आणखी भर नको. आणि हार्मोनच्या गोळीने कॅन्सर होतो असं कानावर आलेलं असतं. ही भीती मुख्यतः 2002 पासून पसरली. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत एका प्रकारच्या हार्मोन गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवला. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या आणि बाकी धडधाकट बाईला त्रास फार असेल तर या औषधाचा फायदा बहुतेक वेळा धोक्यापेक्षा जास्त ठरतो, असं आज तज्ज्ञ सांगतात. म्हणून आम्ही गोळीच्या विरोधात नाही. ज्या बाईला ती हवी तिने डॉक्टरांशी बोलून खुशाल घ्यावी, तिला कोणी नावं ठेवू नयेत.

पण ज्यांना नको त्यांचं काय? आमच्या घरांत "गोळी नको" याचा अर्थ एकच होतो: गप्प सोस. नवरा म्हणतो बरं झालं, खर्च वाचला. सासू म्हणते आम्ही पण गेलो यातून. बाई स्वतःही तेच म्हणते. आमचं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. औषधाशिवाय हा काळ काढायचा असेल तर जे काम गोळीने केलं असतं ते घराने, होडीने आणि बाजाराने मिळून करावं लागतं. तिची झोप, तिचं ताट, तिचं ओझं, तिचं पाणी आणि तिच्याशी बोलणं, या पाच गोष्टी बदलल्या तरच "औषधाशिवाय" या शब्दाला अर्थ आहे. आणि यातली एकही गोष्ट ती एकटी बदलू शकत नाही.

आधी बोलण्याचं बघू, कारण गोळीशिवायच्या उपायांत सगळ्यात पक्का पुरावा त्याचाच आहे. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने 2023 मध्ये हार्मोनशिवायचे उपाय एकेक करून तपासले. औषधं बाजूला ठेवली तर वाफांसाठी त्यांनी ज्यांची शिफारस केली त्यात मुख्य आहे एका ठरावीक पद्धतीची समुपदेशनाची थेरपी. जादा वजन असेल तर ते उतरवण्याचाही फायदा त्यांनी सांगितला. योग, व्यायाम, सोयाबीन, जडीबुटी, नुसता श्वास हळू घेणं यांनी वाफा कमी होतात याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. व्यायाम हाडांना, मनाला, झोपेला चांगला आहेच, तो सोडू नका. पण "रोज योग कर, वाफा जातील" असं सांगून आपली जबाबदारी झटकू नका.

ही थेरपी म्हणजे काही जादू नाही. वाफ आली की बाईच्या मनात येतं, "सगळे माझ्याकडेच बघताहेत, आता मी पडणार, माझ्यानं होणार नाही." या विचाराने काळीज आणखी धडधडतं आणि घाम वाढतो. थेरपीत ती शिकते, की ही वाफ आहे, चार मिनिटांत जाईल, खांदे सैल सोडायचे, श्वास हळू सोडायचा, काम थांबवून बसलं तरी चालेल. रात्री झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं, डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. ब्रिटनमध्ये 2012 साली याच्या चाचण्या झाल्या. काहीजणी गटात बसून शिकल्या, काही पुस्तिका वाचून. वाफांची संख्या फारशी उतरली नाही, पण त्यांचा जाच बराच कमी झाला. जाच कमी झाला की रात्र निघते, दिवस निघतो.

कोणी म्हणेल, हे तिकडचं, आमच्या फोंड्यात कोण करणार? तर ऐका. 1996 साली गोव्यातच सुरू झालेल्या संगाथ या संस्थेने आपल्याच राज्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. फार उदास झालेल्या रुग्णांशी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ वेळा भेटून ठरावीक पद्धतीने बोलायचं, असा तो प्रयोग. ज्यांना असं कोणी भेटलं ते जास्त संख्येने बरे झाले. 2017 साली हे लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती चाचणी पाळी जाण्यावर नव्हती, उदासीवर होती, हे कबूल. पण आपल्या मातीतली, आपल्यासारखीच माणसं नीट शिकवली तर बोलून आधार देऊ शकतात, हे गोव्यानेच जगाला दाखवलं आहे. मग आपल्या सोसायटीच्या दोन बायकांना आरोग्य केंद्रात पाठवून हे शिकवून घेणं काय कठीण आहे?

याच राज्यातली आणखी एक पाहणी सांगतो. 2005 मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली होती. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं, तर शंभरामागे 12 जणींना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. हा थकवा कोणात जास्त? ज्यांना पोटभर मिळत नव्हतं, ज्यांचं शिक्षण कमी, ज्यांना नवऱ्याचा जाच होता, ज्यांचं मन खचलेलं होतं त्यांच्यात. म्हणजे बाई "थकले" म्हणते तेव्हा दरवेळी रक्ताच्या बाटलीत किंवा टॉनिकमध्ये उत्तर शोधू नका. कधी कधी उत्तर घरातच असतं.

आता झोप. आपल्या धंद्याला घड्याळ नाही, भरती-ओहोटी आहे. होडी दोनला येते, कधी चारला येते. पण होडी आली की मासळी निवडायला बाईच उठायला हवी असं कोणत्या समुद्राने सांगितलंय? घरात वीस वर्षांचा मुलगा असतो. तो मोबाईल बघत एकपर्यंत जागतो आणि आई तीनला उठते. आठवड्यातून तीन रात्री मासळी त्याने निवडावी, आईने सलग सहापर्यंत पडून राहावं. गावात असं एका घराने करून बघितलं. महिनाभरात त्या वयनीचा चेहरा बदलला. वाफा तशाच येतात, पण ती म्हणते, "आता मी माणसात आले." बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत. अंगावर सुती कपडा, नायलॉनचा नको. पंखा तिच्या बाजूला. उशाशी पाण्याची बाटली आणि कोरडा ब्लाऊज. रात्रीचं जेवण जरा लवकर आणि कमी तिखट. झोपायच्या आधी कडक चहा नको. तिखट, गरम चहा, दारू यांनी काहीजणींना वाफ चढते, काहींना नाही. ज्याने होतं ते आपलं आपण ओळखून सोडावं. बर्फ तर आपल्या घरचाच धंदा. क्रेटभर बर्फ मासळीला घालतो, त्यातला मूठभर फडक्यात बांधून मानेला लावायला बाईला लाज का वाटावी? त्याने वाफा थांबत नाहीत, पण ती चार मिनिटं सोपी जातात.

तंबाखूचंही बोलून टाकू. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते. आपल्याकडे बायका ओढत नाहीत, पण मशेरी लावतात. मशेरी म्हणजे तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरचं घर. "झोप लागत नाही म्हणून लावते" असं सांगणाऱ्यांना आमचं सांगणं, तंबाखूने झोप येत नाही, उडते.

मग ताट. इस्ट्रोजेन उतरलं की हाडं भराभर विरळ होतात. पहिल्या काही वर्षांत हा वेग सगळ्यात जास्त असतो. म्हणून पडल्यावर मनगट मोडतं, पाठीचा मणका दबतो, बाई वाकत जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. आता गंमत बघा. दिवसभर मासळीत हात घालणाऱ्या बाईच्या ताटात काय येतं? इसवण, पापलेट गिऱ्हाईकाला. मुलांना आणि नवऱ्याला मधला तुकडा. तिला शेपटी आणि हुमणाचा रस्सा, तोही सगळ्यांचं झाल्यावर. खरं तर तिला महागडं काहीच नको. तारले, पेडवे, मोतयाळी यांसारखी बारीक मासळी काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियम तिथेच आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम असतं, म्हणून सकाळी चहा-बिस्किटाऐवजी नाचणीचं तिजान घ्या. दही-ताक, तीळ, पालेभाजी, अळसांदे असू द्या. सुकी मासळी मात्र बेताने. सुक्या बांगड्यात, खाऱ्यात, लोणच्यात मीठ फार असतं. दिवसभरात सगळं मिळून एका चहाच्या चमच्याएवढं, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाळी गेल्यावर बाईचं प्रेशर आणि हृदयाचा धोका वाढत जातो, म्हणून हे सांगणं. आणि सगळ्यात मोठा बदल फुकटचा आहे. तिने शेवटी नाही, सगळ्यांबरोबर बसून जेवायचं.

ओझ्याविषयी. लोक म्हणतात, "आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम?" राबणं वेगळं, व्यायाम वेगळा. वाकून भरलेला क्रेट झटक्यात उचलणं हे विरळ झालेल्या मणक्याला मारक आहे. क्रेट दोघांनी उचला. एकटीने उचलायचा तर गुडघे वाकवून, अंगाशी धरून. आणि वीस-तीस मिनिटं झपझप चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हे रोज करा. लघवी सुटते त्याला खास व्यायाम आहे. लघवी मध्येच थांबवायला जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच-सात सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी किमान 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मासळी विकायला बसल्या बसल्या करता येतं, गिऱ्हाईकाला कळतसुद्धा नाही. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

पाण्याचं सांगताना मात्र आमचा आवाज चढतो. आमच्यातल्या कितीतरीजणी सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत पाणी पीत नाहीत. का? कारण प्यायलं तर जायला लागतं आणि जायला धड जागा नाही. कुठे संडास आहे तर दाराला कडी नाही, कडी आहे तर पाणी नाही. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, लघवीत जंतू होणं वाढतं. त्यात सात तास लघवी धरायची. जळजळ होते, ताप येतो, मग गोळ्या घ्याव्याच लागतात. गोळी नको म्हणणाऱ्या बाईला अशाने गोळीकडे कोण ढकलतं? बाजारात एक स्वच्छ, कडी लागणारा, पाणी असलेला संडास हा या वयातल्या बाईचा अर्धा उपचार आहे असं आम्ही म्हणतो आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, ती पण सांगतो. कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाणं नको वाटतं, दुखतं. घोव समजतो हिचं मन उडालं. तसं नसतं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेलं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, ते वापरा. आणि भावांनो, एवढं करूनही ती "आज नको" म्हणाली तर ते ऐकायचं. यावरून संशय, भांडण, हात उचलणं हे आमच्या वस्तीत होतं, आम्हाला माहीत आहे.

आता काय करू नये. "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणून फोनवर विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेऊ नका. पाल्यापासून बनलेली असली तरी ती औषधंच असतात आणि काही जडीबुटी यकृताला बाधतात. "गोळी नको" या नावाखाली चालू असलेली प्रेशरची, साखरेची, थायरॉइडची गोळी बंद करू नका. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड होते, म्हणून ती रक्ततपासणी एकदा करून घ्या. "बाहेरचं लागलंय" म्हणून बाईला गाऱ्हाण्याला, अंगाऱ्याला फिरवू नका. देवाच्या पाया पडायला आमची ना नाही, पण डॉक्टरांना दाखवून मग.

आणि पिशवी काढायची घाई तर अजिबात नको. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. 2019 मध्ये ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न वर आला आणि सरकारने समिती नेमली. सुमारे 82 हजार बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरीजणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, मजुरी कापली जाते, म्हणून अवयवच काढून टाकला. बीजकोश काढले तर पाळी एका दिवसात जाते आणि वाफा, हाडांची झीज सगळं एकदम अंगावर येतं. नुसती पिशवी काढली तरी ते लवकर येऊ शकतं. त्या बायकांचं आणि आमचं काम वेगळं, पण "बाईचं शरीर धंद्याच्या आड येतं" हा विचार तोच. तो आपल्याकडे शिरू देऊ नका. पिशवी काढा असं कोणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

काही वेळा मात्र घरी थांबायचंच नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, ते कॅन्सरचं पहिलं चिन्ह असू शकतं. तासा-तासाला पॅड बदलावं लागेल एवढं जात असेल तर जा. चाळिशीच्या आत पाळी बंद झाली तर जा, कारण तिथे हाडं आणि हृदय जपायला औषध लागतंच, नको म्हणून चालत नाही. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ गेली तर ती वाफ समजून बसू नका. जगणं नको वाटायला लागलं तर त्या दिवशीच कोणाला तरी सांगा, टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे. फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ आहे, शिरोड्याला, बेतकीला आरोग्य केंद्र आहे. सोबत कोणीतरी जा. बाई एकटी गेली की "काही नाही, जरा थकवा" एवढंच सांगून परत येते.

आम्हाला नेहमी ऐकवतात, "आमच्या आजीला कुठे हे असलं झालं?" झालं होतं. आजीने सांगितलं नाही, एवढाच फरक. आणि आजीच्या घरात चार जावा होत्या, एक बसली तर दुसरी उठायची. आज घरात एकच बाई आहे. ती बसली की सगळं बसतं, म्हणून तिला बसूच देत नाहीत.

तर आमचं मागणं असं.

एक. प्रत्येक सभासदाच्या घरी आठवड्यातून निदान तीन रात्री मासळी निवडायचं काम पुरुषांनी घ्यावं.

दोन. होडीमालकांनी मासळी उतरवताना क्रेट दोघांनी उचलायचा नियम करावा आणि पन्नाशीच्या बाईच्या डोक्यावर भरलेली पाटी देऊ नये.

तीन. बाजारातल्या संडासासाठी सोसायटीने लेखी अर्ज द्यावा, आणि तो लागेपर्यंत पाठपुरावा करावा. डिझेलच्या कोट्यासाठी जेवढ्या खेपा घालतो तेवढ्या याच्यासाठीही घालाव्या.

चार. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या 61 दिवसांत जाळी विणतो, इंजिन खोलतो, होडीला रंग देतो. त्याच दिवसांत आरोग्य केंद्राच्या डॉक्टर आणि नर्सबाईंना बोलावून सभागृहात दोन बैठका घ्याव्या. एक फक्त बायकांची, आणि दुसरी फक्त पुरुषांची. दुसरी जास्त गरजेची आहे. प्रेशर, साखर, थायरॉइड त्याच दिवशी तपासावं.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. संडास सोडला तर बाकी सगळं आपल्या हातातलं आहे.

पुढच्या मासिक सभेला आम्ही येणार आहोत. नेहमी मागच्या रांगेत बसून गप्प राहतो, यावेळी विषयपत्रिकेत आमचा विषय लिहून आणणार. तोपर्यंत एवढंच करा. आज रात्री घरी गेल्यावर तिला विचारा, "काल झोप लागली काय?" ती "हो" म्हणेल. सवयीने म्हणेल. तेव्हा परत एकदा विचारा.